शिवेपलीकडे ऐकलेला पावा

सोमवारी अकरा वाजता ग्रंथालयात पत्र आलं. ओवेन वारला होता. पत्र त्याच्या बहिणीचं होतं. मी ते वाचलं, घडी घातली आणि पुस्तकांवर नंबर टाकत राहिले.

ओवेन आयर्लंडचा. लाकडी बासरी वाजवायचा, आणि त्याच्या मुलखातल्या जुन्या सुरावटी कोणाकडून कोणाकडे गेल्या याचा अभ्यास करण्यात त्याचं आयुष्य गेलं. अठ्ठ्याण्णव साली तो वर्षभर पुण्यात होता. आमच्या ग्रंथालयात बसायचा. मी त्याला मराठी अक्षरं शिकवली. शनिवार आला की तो जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात जायचा आणि सोमवारी बुटांना लाल माती घेऊन परत यायचा.

पत्रानंतर महिन्याभराने एक पाकीट आलं. आत एक कॅसेट आणि त्याच्या अपुऱ्या पुस्तकाचं एक पान. पानावर एका सुरावटीचं स्वरलेखन होतं. खाली लिहिलं होतं, ‘कोंडाजी, तळेघरच्या वरची वाडी. त्यांना कोणाकडून मिळाली?’ पुढे जागा कोरी. समासात पेन्सिलीने त्याचं अक्षर: ‘वडिलांकडून, असं म्हणतात. पण वडिलांनी पावा कधी हातात धरला नव्हता, असं वाडीतच कळलं. पुन्हा विचारायचं.’

त्याच्या गावाकडे सुरावट वाजवण्याआधी ती कोणाकडून घेतली हे सांगायची रीत होती. नाव माहीत नसेल तर ओवेन वाजवायचाच नाही. बहिणीने लिहिलं होतं, की वर्षअखेर पुस्तक छापायला जाईल. तोवर नाव मिळालं नाही तर पान काढून टाकायचं, असं तोच सांगून गेला होता.

कॅसेट मी लावली नाही. सुरुवातीला त्याचा आवाज असणार हे मला माहीत होतं.

दसरा झाल्यावर रजा टाकली आणि आधी जुन्नरला गेले. तिथे एका कापडवाल्या शेठच्या दुकानावरच्या खोलीत ओवेन उतरायचा. शेठचे आजोबा मारवाडातून आलेले. शेठ मात्र बोलायला पक्के जुन्नरकर. बातमी ऐकून त्यांनी हातातलं कापड खाली ठेवलं.

“रोज सकाळी वर फुंकत बसायचे,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक विचारायचं, शेठ, वर काय ठेवलंय? मी म्हणायचो, पाहुणा आहे, विकायचा नाही.”

कॅसेट घेऊन वाडीत चालले आहे हे ऐकल्यावर त्यांनी जेवायला घातलं आणि मी निघताना माझ्या हातात सेलचं पाकीट दिलं. “वाडीत लाईट असेल नसेल. ऐकायला गेलात आणि मशीनच बंद, असं नको.”

घोडेगावला गाडी बदलली. डिंभे धरणाचं पाणी बराच वेळ उजवीकडे, मग डावीकडे दिसत राहिलं. तळेघरला उतरले तेव्हा वाडीच्या वाटेला मी एकटीच होते. दोन्ही बाजूंनी खाचरं (बांध घातलेली भातशेतं), भात पिवळं होऊन वाकलेलं. मध्येच एका ओढ्यात दगडावरून पाय घसरला आणि गुडघ्यापर्यंत भिजले. पान पिशवीत प्लॅस्टिकमध्ये होतं, म्हणून वाचलं.

कोंडाजीबाबा अंगणात विळ्याला धार लावत होते. मी कोण ते सांगितलं, आणि ओवेन गेल्याचं सांगितलं. त्यांनी विळा बाजूला ठेवला.

“आजारी व्हता?”

“हो.”

“लई चालायचा,” ते म्हणाले. “आमी दमायचो, त्यो नाय.”

त्यांच्या बायकोने, हौसामावशींनी, नाचणीची भाकरी आणि हुलग्याची शेंगोळी वाढली. जेवण झाल्यावर मी पान काढून विचारलं. बाबा विळ्याकडे बघत म्हणाले, “बापाकडनं. त्याला बी हेच सांगितलं व्हतं.”

मावशी चुलीपाशी उगाच खोकल्या.

मी कॅसेट काढली. फळीवर त्यांच्या मुलाने आणलेला टू-इन-वन रेडिओ-टेप होता. बाबांनी हात आडवा केला. “भात घरात आल्याबिगर आमच्यात पावा वाजवत नाय. घरात नाय, खाचरात नाय.”

“ही कॅसेट आहे, बाबा.”

“सूर तर त्योच ना?”

“ऐकायची हौस लई, अन् नेम बी मोडायचा नाय,” मावशी म्हणाल्या. “मग जावा की शिवेपल्याड. तिकडं आपलं कुठं भात हाय?”

टू-इन-वनमध्ये शेठचे सेल घातले. बाबांनी तो कडेवर घेतल्यासारखा घेतला. मावशीही मागून आल्या. मी भिजले होते तोच ओढा म्हणजे वाडीची शीव. तो ओलांडून आम्ही हिरड्याखाली बसलो. बटण बाबांनी दाबलं. माझा हात पुढे झाला नसता.

“मार्गशीर्ष महिना,” ओवेन सावकाश, एकेक अक्षर जपत म्हणाला. “वाजवणार कोंडाजीबाबा.” ‘र्ष’ त्याला शेवटपर्यंत नीट जमला नव्हता. मी ओढ्याकडे बघत राहिले.

मग पावा सुरू झाला. वर चढून, थांबून, पुन्हा खाली उतरणारी छोटी सुरावट. अखेरीला पावा जरा घाईने उतरला, आणि मागून एका बाईचा आवाज आला. “घसरलास बघ. तिथं दम धर. परत घे.” पावा थांबला. त्याच जागेपासून पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी दम धरून उतरला.

बाबांनी कॅसेट बंद केली.

“आक्का,” ते म्हणाले. “आतमंदी तांदूळ निवडत बसली व्हती. मला ध्यानातच नाय.” थोड्या वेळाने म्हणाले, “गेल्या वैशाखात गेली.”

सगळं मग हळूहळू बाहेर आलं. आक्का त्यांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, म्हणून माहेरी परत आली. पावा तिचा. बाईने पावा वाजवला तर रोप करपतं, असं त्यांच्या घरात म्हणत. म्हणून ती वर रानात, गवत कापायला गेली की वाजवायची. तिथेच धाकट्या भावाला शिकवलं.

“तिला कुणी नावं ठेवू नये म्हणून बापाचं सांगितलं,” बाबा म्हणाले. “बाप काय उठून नाय म्हणतोय?”

“मला ठावं व्हतं,” मावशी म्हणाल्या. “तुमी सांगंना, मग मी कशापायी सांगू?”

मी विचारलं, “नाव लिहू का? तुम्ही नको म्हणालात तर पान काढून टाकतील. तिचं नाव कुठे येणार नाही.”

बाबांनी टू-इन-वनवरची धूळ तळहाताने पुसली. “पुस्तक हिकडं यील का?”

“तुम्ही म्हणालात तर येईल.”

“लिव्हा. ठकूबाई. अन् एक हिकडं धाडा.”

मी मांडीवर पान ठेवून नाव लिहिलं. मग त्यांनी कॅसेट पुन्हा मागे नेली आणि ‘परत घे’पर्यंत तीनदा ऐकली. प्रत्येक वेळी ओवेनही पहिल्यापासून बोलला. तिसऱ्या वेळी मला तो नीट ऐकता आला.

निघताना कॅसेट त्यांच्याकडेच ठेवली. परतीच्या गाडीत पिशवी हलकी लागत होती. ज्या आवाजाला घाबरून मी कॅसेट बंद ठेवली होती, तो आता माझ्याजवळ नव्हता, आणि त्याचं मला वाईट वाटत नव्हतं.

पुढच्या वर्षी पुस्तक आलं. त्यात ते पान आहे, खाली ठकूबाईंचं नाव आहे. एक प्रत वाडीत आहे. कॅसेट आढ्याला, पाव्याशेजारी, फडक्यात बांधलेली असते. भात घरात आलं की बाबा ती लावतात.