एक देऊ की दोन?

दोन बायका एका कामाला लागल्या की किस्से दह्यासारखे आपसूक लागतात. आमचे थोडे आंबटच लागले.

गिरण्यांच्या संपानंतरची गोष्ट. घाटकोपरच्या आमच्या चाळीतली सुनंदा आणि मी दारोदार कपडे धुण्याची पावडर विकायला लागलो. तिच्या नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, पदरी तीन मुलं. मी निघाले ती तिला सोबत म्हणून. पण चार महिन्यांनी कंपनी दोघींतल्या एकीलाच कायम करणार होती! ती सुनंदाच असावी म्हणून मी गुरुवार धरले. त्या दिवशी उपास, आणि तोंडून खोटं काढायचं नाही.

कंपनीत विक्री शिकवणारे आमचे सर रोज फळ्यावर विक्रीतला एक इंग्रजी शब्द लिहीत आणि अर्थ वहीत उतरवायला लावत.

*

पहिला शब्द ‘प्रॉस्पेक्ट’. म्हणजे अजून आपलं गिऱ्हाईक झालेलं नाही, पण होऊ शकेल असं माणूस.

सुनंदाने हात वर केला. “मग सर, माझी सासू प्रॉस्पेक्टच! बारा वर्षं झाली, अजून काय माझी झाली नाय!”

*

‘कोल्ड कॉल’ म्हणजे ओळखपाळख नसताना बेल वाजवायची. नवरात्रात मुलुंडला पहिलंच दार उघडलं, तर आत आरती! चपला काढल्या, पाच आरत्या म्हटल्या, प्रसाद घेतला, खाली आलो.

जिन्यापाशी सुनंदाने कपाळावर हात मारला. “अगो बाय, पावडर दाखवूची रवली!”

परत वर गेलो नाही. ज्या घरचा प्रसाद खाल्ला, तिथे लगेच विकायला कसं जायचं?

*

‘हार्ड सेल’ म्हणजे तीनदा ‘नको’ ऐकलं तरी उठायचं नाही. पार्ल्याच्या एका बाई तिसऱ्यांदा ‘नको’ म्हणताना रडायलाच लागल्या. मुलीचं लग्न जमत नव्हतं. मी ऑर्डर फॉर्मच्या पाठीवर त्यांना सगळं व्रत लिहून दिलं.

“काय विकून आलात?” सरांनी विचारलं.

“सोळा सोमवार!” सुनंदा म्हणाली.

*

‘फ्री सँपल’ म्हणजे गिऱ्हाईक जोडायला दिलेली फुकट पुडी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी सगळ्या पुड्या वाण म्हणून लुटल्या! सर ओरडले, “आधी घेणारं गिऱ्हाईक बघायचं ना, वहिनी!”

“वाण देताना असं बघत नाहीत हो.”

पण विक्रीसाठी आमची चाळ सुनंदाच्या वाटणीची होती. महिनाभर तिच्याकडून कुणी एक डबा घेतला नाही. ती हसूनच म्हणाली, “पुण्य तुका, नि पावडर माका!” मला मात्र ते आजही लागतं. आता ती कुठे असते ठाऊक नाही; पण कधी भेटलीच, आणि भेटेल असं मला वाटतं, तर आधी त्याचीच माफी मागेन.

*

शेवटचा शब्द ‘क्लोजिंग’. सगळं सांगून झालं की “एक देऊ की दोन?” विचारायचं, आणि गप्प बसायचं. गिऱ्हाईक बोलेपर्यंत आपण चकार शब्द काढायचा नाही.

शेवटच्या आठवड्यात सरांनी आम्हाला एका आजींकडे पाठवलं. त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलेलं, सौदा पक्काच. स्वतः खाली थांबले. कायम व्हायला सुनंदाला एवढीच एक ऑर्डर कमी होती.

ती छान बोलली. “एक देऊ की दोन?” म्हणाली आणि गप्प बसली.

आजींनी डबा हातात घेतला. मग माझ्याकडे वळल्या. “तुम्ही घरी हीच वापरता का हो?”

गुरुवार होता.

“नाही,” मी म्हटलं. “माझे हात सोलतात.”

आजींनी डबा अलगद खाली ठेवला. जिना उतरताना सुनंदा एवढंच म्हणाली, “सकाळपासून उपाशी हस ना? चल, केळं घेऊया.”

खाली सर वाटच बघत होते. “आजी तर तयार होत्या! मध्ये बोललं कोण?”

मी तोंड उघडायच्या आत सुनंदा म्हणाली, “मीच, सर.”

सरांनी यादी काढली आणि तिच्या नावावर काट मारली. खाली माझंच नाव उरलं. उपास सोडायला अजून वेळ होता. मी गप्प उभी राहिले.