घर पाहिल्याशिवाय ओळ भरायची नाही

डॉ. विनायकराव सोहोनी सरांची आणि माझी पहिली भेट माझ्या फजितीची आहे. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी पावसजवळच्या एका सरकारी दवाखान्यात नवा डॉक्टर होतो, आणि सर रत्नागिरीत आम्हा सहा तरुण डॉक्टरांना संशोधन शिकवत होते. दोन उपचारांची तुलना कशी करायची आणि तिच्यावरून सरकारने काय ठरवायचं, हा विषय. आमच्यापुढे प्रश्न होता जुलाबाने सुकणाऱ्या मुलांचा. सलाईन लावावं, की घरीच मीठ-साखरेचं पाणी पाजावं?

मी ऐटीत रजिस्टर पुढे केलं. सलाईन लावलेली सगळी मुलं 'बरी'.

"हे कुणी पाहिलं?" सरांनी विचारलं.

"परत आली नाहीत, म्हणजे बरीच झाली असणार." आमच्याकडे सगळे असंच लिहीत.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला एसटीत घातलं आणि खाडीकाठच्या एका वाडीत नेलं. रजिस्टरातल्या चार वर्षांच्या शेवंतीच्या दारात आम्ही उभे राहिलो. तिची आई मासळी वाळत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "गेली ती. घरी आनल्यावर जुलाब परत लागले, म्हनून पानी बंद केला. तिसऱ्या दिशी गेली. मंग परत येऊन काय करनार हुतू आमी?"

पाणी बंद करू नका, हे तिला आम्ही कुणी सांगितलंच नव्हतं. सर तासभर तिच्याजवळ बसले. परतताना त्यांनी माझ्या हाती पेन दिलं आणि 'बरी' हा शब्द मला खोडायला लावला. "घर पाहिल्याशिवाय ओळ भरायची नाही," एवढंच म्हणाले.

पुढे वर्षभर सर आमच्याबरोबर वाड्या पालथ्या घालत होते. उत्तर स्पष्ट आलं. पिऊ शकणाऱ्या मुलाला घरी पाजलेलं पाणी पुरतं. सलाईन राखावं ते पिऊ न शकणाऱ्यांसाठी. तेव्हा वाडीवाडीत मीठ-साखरेच्या पुड्या ठेवा आणि आयांना शिकवा.

अहवाल वर गेला आणि शेरा मारून परत आला: 'परत न आलेले रुग्ण प्रथेप्रमाणे बरे धरून तक्ता दुरुस्त करावा.' प्रथेप्रमाणे! मेलेलं मूल प्रथेप्रमाणे बरं! हे लिहिणाऱ्या साहेबांनी जन्मात एक तरी वाडी चालून पाहिली होती का? सरांनी सही नाकारली. 'एका ओळीने काय बिघडतं?' असा साहेबांचा निरोप आला. "तिच्या आईला विचारून या," सरांनी उलट कळवलं. महिन्याभरात त्यांची बदली झाली, तीही त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, अंथरुणाला खिळलेल्या असताना.

त्या धावपळीतही सर एसटीच्या कंडक्टरबरोबर शेवंतीच्या आईला पुड्या पाठवत राहिले. शेवंतीचा धाकटा भाऊ आज शाळेत जातो. बाकीच्या वाड्यांत मात्र अजून पुडी पोचलेली नाही, कारण अहवाल कपाटात आहे. आणि सरांच्या साठीच्या सत्काराला शाल घालायला तेच साहेब येणार आहेत म्हणे. सत्कार समितीने मला गोड आठवणी लिहायला सांगितलं होतं. क्षमा असावी, जमलं नाही.

सर, आपल्याला निरोगी शंभर वर्षं लाभोत. दर वाढदिवसाला आम्ही सहा जण तो अहवाल पुन्हा वर पाठवू, शेवंतीची ओळ आहे तशीच ठेवून. आणि आपली खबर आली नाही, म्हणजे आपण ठणठणीत असाल, असं मात्र कधीच धरणार नाही. घरी येऊन पाहू.