आतेच्या हातची मोगऱ्याची चाय

ती चाय करायची रीत मला तोंडपाठ आहे, पण आजवर मी ती कोणाला शिकवलेली नाही. सुनेने एकदा विचारलं, तर "आता नाही बाई आठवत" म्हणून उडवून लावलं. आठवत नाही कसलं! रीत सांगायला बसले की पुढचंही सांगावं लागेल, आणि तेवढं धारिष्ट माझ्यात नव्हतं. आता लिहूनच टाकते. लिहिताना निदान समोर कोणी तोंडाकडे बघत नसतं.

सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. मी कुडाळच्या बाजूची, मालवणात दिलेली. घरात सासू-सासरे, शाळेत मास्तर असलेले माझे यजमान, आणि यजमानांची आते, म्हणजे सासऱ्यांची मोठी बहीण. न कळत्या वयात लग्न आणि न कळत्या वयातच विधवा, अशी ती भावाच्या घरी परत आली ती कायमची. तिला अमुक एक काम नेमून दिलेलं नव्हतं, म्हणजे घरातली सगळीच कामं तिची. त्यातलं एक मात्र खरोखर तिचं स्वतःचं होतं. सकाळी उठून देवाची फुलं तीच काढायची आणि हारही तीच करायची. केसांत फूल माळणं तिला वर्ज्य होतं, पण परडी हातात घेऊन अंगणात फिरताना ती घरातली कोणीतरी वाटायची. एरवी ती असून नसल्यासारखीच.

शिमग्याच्या सुमाराला माझं पहिलं बाळ गेलं. सातव्यातच झालं, मला बाळंतपणाला माहेरी न्यायलाही कोणी आलं नव्हतं अजून. बाळ नाही आणि तिसऱ्या दिवशी छातीला दूध आलं. असली थट्टा देवाने वैऱ्याचीसुद्धा करू नये. मी कळवळत पडले होते तेव्हा आतेने मोगऱ्याची फुलं आणून माझ्या छातीवर फडक्याने बांधली. दूध आटवायला आमच्याकडे हाच उपाय करायचे. चार-पाच दिवसांत दूध आटलं. मन काही आटेना. दिवेलागणीला पाळण्याचा रिकामा हूक दिसला की मी भिंतीकडे तोंड करून पडायची, जेवायलाही उठत नसे.

तेव्हा आतेने ती चाय सुरू केली. दुपार कलली की मोगऱ्याच्या घट्ट मिटलेल्या कळ्या काढायच्या, सात-आठच. ओल्या फडक्यात बांधून ती पुरचुंडी पदरात गुंडाळून कमरेला खोचायची. अंगाच्या उबेने तासाभरात कळ्या अर्ध्या उमलतात, आणि वास तेव्हाच खरा असतो. पूर्ण उमललेलं फूल दुधाला कडू करतं. मग गाईचं दूध उकळून खाली उतरवायचं, त्याची वाफ जरा बसू द्यायची, आणि ती फुलं त्यात टाकून झाकण ठेवायचं. चुलीवर ठेवून फुलं कधी शिजवायची नाहीत. शंभर अंक मोजायचे, फुलं काढून टाकायची. चहाची पूड वेगळ्या पाण्यात उकळून दुधात गाळायची, अगदी चिमूटभर, नुसता रंग येण्यापुरती. साखर बेताची. वेलची घातलीत तर सगळंच वाया. पहिला घोट घेतला की माझे खांदे खाली यायचे. पेला रिकामा होईपर्यंत आते शेजारी बसून माझ्या पाठीवरून हात फिरवायची. मी जगले ती त्या चायवर, हे मी आज शपथेवर सांगेन.

पण हे सगळं सासूच्या चोरून चालायचं. कारण मोगरा बाहेरून बांधला तर ठीक. तो पोटात गेला तर बाईला पुढच्या मुलाच्या वेळीही दूध येत नाही, असं आमच्या बायका छातीठोकपणे म्हणायच्या. आतेला तिच्या सासरच्या कोणा म्हातारीने ही चाय शिकवली होती, काही होत नाही म्हणून. आतेचा त्या म्हातारीवर विश्वास होता, तरी मला तिने बजावलं होतं की घरात बोलू नकोस.

चैत्र आला. आमच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. सकाळपासून मी माजघरात जायचं टाळत होते, कारण येणाऱ्या बायकांत दोघींच्या कडेवर तान्ही मुलं असणार होती. मी मागच्या पडवीत आतेला गाठलं आणि सांगितलं, आज चाय हवीच, नाहीतर मी सगळ्यांसमोर रडेन. मीच सांगितलं. ती नको म्हणत होती. आज घरात माणसं, उद्या करू म्हणाली. मी हट्टाला पेटले. शेवटी तिने मान डोलावली.

संध्याकाळी माजघर बायकांनी भरलं. सासू हळदकुंकू लावत होती, मी प्रत्येकीच्या हातात मोगऱ्याच्या दोन-दोन कळ्या ठेवत होते. शेवटच्या चौघींना कळ्या पुरल्या नाहीत. सासूला मोठं कोडं पडलं, झाडावर तर भरपूर होत्या. हे चाललेलं असतानाच पन्ह्याची कळशी घेऊन आते दारापर्यंत आली. अशा समारंभात ती पुढे येत नसे, पण कळशी जड होती आणि मी हातातलं तबक सोडून घ्यायला गेले नाही. ती वाकली, कमरेचा पदर सुटला, आणि ओल्या फडक्यातल्या कळ्या सगळ्यांच्या देखत जमिनीवर सांडल्या.

मग पलीकडच्या घरातल्या काकू हसल्या. विधवेच्या पदरात मोगरा, त्या बाजूच्या बाईला म्हणाल्या, म्हातारपणी बरं सुचतंय. दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावले. सासूचा चेहरा लालबुंद झाला.

"वन्सं, ह्यो कळ्यो कोणाक?" तिने विचारलं.

आतेने माझ्याकडे बघितलं. एकदाच. तिने मला बोलायला जागा दिली होती, हे मला तेव्हाही कळलं. पण बोलले तर ह्या बायका गावभर सांगणार की मास्तरांच्या बायकोने मोगरा पोटात घेतला, आता तिच्या पोराला दूध मिळणार नाही. आधीच एक मूल गेलेली मी. सासू माझ्याकडे वळली आणि मला काही माहीत आहे का, असं विचारलं.

"नाय," मी म्हटलं. "माका काय म्हायत नाय."

आतेने खाली बसून एकेक कळी वेचली. मग सासूला म्हणाली, "माका वास घेवचो वाटलो. म्हणान घेतलंय."

त्या रात्रीच्या जेवणाआधीच निकाल लागला. सासू दुष्ट नव्हती, पण चारचौघींत खाली बघावं लागलं होतं तिला. तिने आतेला सांगितलं की आजपासून झाडांना हात लावायचा नाही, देवाची फुलंसुद्धा सून काढील. सासरे ऐकत होते, ते पाटावर जाऊन बसले. आते "बरा" म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने माझ्यापुढे पेला ठेवला तो साध्या चहाचा. मी माफी मागावी म्हणून तोंड उघडलं, तर ती भांडी घासायला निघून गेली. मला तेवढंच निमित्त पुरलं, निर्लज्जासारखं.

पुढच्या वर्षी मला मुलगा झाला. ह्या वेळी माहेरी, सगळं रीतसर. तीन महिन्यांचा झाल्यावर त्याला घेऊन मी कुडाळहून मालवणला आले. दूध इतकं की पोर पिऊन झोपलं तरी चोळी भिजायची. माजघरात कोणी नाही असं बघून आते जवळ आली, खाली बसली.

"दूध पुरता मां गो तेका?" तिने विचारलं.

मी पुरून उरतं म्हटल्यावर तिने डोळे पुसले. म्हणाली, "फुलां पाजून मी तुजा वायट तर केलंय नाय मां, ह्या माज्या मनातसून जाय नाय होता."

वर्षभर तिला माझीच काळजी. आणि आता तर मला कसली भीती उरली होती? मांडीवर मुलगा होता, छातीला दूध होतं, घरात मान होता. सासू हाकेच्या अंतरावर तांदूळ निवडत होती. उठायचं आणि दोन वाक्यं बोलायची, एवढंच काम होतं. मी उठले नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले, आणि मग इतके दिवस गेले की सांगायचीच लाज वाटायला लागली.

त्यानंतर आते सात वर्षं जगली. रोज सकाळी ती पायरीवर मोकळे हात मांडीत घेऊन बसायची, आणि मी तिच्यासमोर देवाची फुलं काढायची. कुठली कळी आजची, कुठली उद्याची, हे तीच मला बसल्या जागेवरून सांगायची.