एवढीच ती हुज्जत

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. पण जिल्ह्याच्या क्रीडाकोशातली एका हौशी क्रिकेटपटूची नोंद परवा तपासायला आली आणि डोकं फिरलं. डावखुऱ्याला उजवा केलेलं, गाव चुकवलेलं, आणि वर हे वाक्य: 'तापट स्वभाव. पंचाशी हुज्जत घालून मैदान सोडले.' संपादकांना फोन केला, तर म्हणतात, "पुरावा आहे का, काका?" अहो, तो पंच मीच होतो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या आमच्या कारखान्याचा देहूरोडला लष्करी संघाशी सामना होता. फलंदाजी करणाऱ्या संघानेच पंच द्यायचा, अशी रीत. मी नवा कारकून, मलाच उभं केलं. नोंदीतला तो खेळाडू आमच्याच कारखान्यातला, पुनावळ्याचा कामगार, पण माझ्या ओळखीचा नव्हता. खेळायला उभं राहण्याआधी खेळपट्टीवरचे खडे वेचून खिशात टाकत होता. पुण्याहून निवड करणारे त्यालाच पाहायला आले होते. पहिलाच चेंडू बॅटला लागून पायावर आदळला. समोरच्यांनी पायचीतचं अपील केलं. आपल्या माणसाला वाचवलं म्हणतील, या भीतीने मी बोट वर केलं.

जाताना तो माझ्यापाशी थांबला. हळूच म्हणाला, "बॅटला लागला व्हता, सायेब. पन आता बोट खाली घिऊ नगा, लोक तुमालाच हसतील."

त्याची निवड झाली नाही. पुढे त्याने नोकरीही सोडली. माफी मागायला मी पुनावळ्याला गेलो, तेव्हा तो शेतात होता. लांबूनच ओळखून हसला. "काय सायेब, बोट बरं हाय न्हवं?"

मीही हसलो. त्याने दिलेलं पाणी प्यालो, पिकाची चौकशी केली आणि माफी न मागताच परत आलो.