नणंदेला धीर द्यायला गेले तेव्हा

चहा थंड झाला तरी चालेल, पण आधी एक कबूल करा. हसायचं नाही! हसलात तर मी पुढचं सांगणार नाही. म्हणजे सांगेन, न सांगून जाते कुठे! बाळंतपणात बायका ओरडतात, रडतात, नवऱ्याच्या सात पिढ्या उद्धारतात, हे सगळं तुम्ही ऐकलं असेल. पण आपण बाळंत होतोय याचा जिला स्वतःलाच पत्ता नाही, अशी बाई कधी पाहिलीय? नसेल तर बघून घ्या, तुमच्यासमोर बसलीय.

केबल नुकती घराघरांत शिरली होती आणि फोन मात्र अजून शेजाऱ्यांकडेच असायचा, तेव्हाची ही गोष्ट. माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. मी बालवाडीत शिकवायचे. आता बालवाडीच्या बाईला एक खोड असते. तिला सगळं जग बालवाडीच वाटतं. नवरा, दूधवाला, भाजीवाली, सगळ्यांना ती 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणत गप्प बसवणार.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. त्यामुळे माझी धाकटी नणंद शोभा दहिवडीहून आमच्याकडे आलेली, आणि मी साताऱ्याला जायची होते. होय, दोघी एकदमच! तिचे दिवस भरलेले, मला अजून महिना होता. सासूबाई शिराळ्याकडच्या, त्यांना मी आत्या म्हणते. त्या रोज मागे लागायच्या.

"सुनंदा, एका छपराखाली दोन बाळंतिणी नगंत. जा बाई म्हायेरी."

"शोभाचं होऊ द्या, मग जाते. तिला धीर द्यायला कुणी जाणतं माणूस नको का?"

जाणतं माणूस म्हणजे कोण? अर्थात मी! कशावरून? तर मी गर्भारपणावरचं एक जाडजूड पुस्तक वाचलं होतं. रोज दुपारी शोभाला समोर बसवून मी धडे द्यायचे. "नाकाने घे. तोंडाने सोड. हळू सोड, फुलपाखरासारखं." फुलपाखरू श्वास कसं सोडतं ते मला तरी काय ठाऊक! पण बालवाडीत असलं चालून जायचं, म्हणून इथेही चालवलं. शोभा बिचारी गरीब. "व्हय वैनी, व्हय वैनी" करत फू-फू करायची.

आता खरं सांगू? मी आतून पार घाबरलेली होते. माझी वेळ येण्याआधी मला ते सगळं एकदा दुसऱ्या कुणाचं तरी बघायचं होतं. धीर देणं हे नुसतं निमित्त! पण हे कुणाला सांगणार? जाणत्या माणसाने घाबरून कसं चालेल?

शेवटी बाबांनी शनिवारी न्यायला यायचं ठरलं. आणि गुरुवारी सकाळी शोभाला कळा सुरू झाल्या.

त्याच सकाळी माझ्याही पोटात दुखायला लागलं. पण त्याचं कारण मला पक्कं माहीत होतं. आदल्या संध्याकाळी आत्यांचा डोळा चुकवून मी ताटभर भडंग खाल्लं होतं, वर कच्चा कांदा, वर हिरवी मिरची. महिनाभर बाकी असलेल्या बाईच्या पोटात गॅस नाही तर दुसरं काय होणार? तुम्हीच सांगा!

मिरजेच्या दवाखान्यात जायला रिक्षा बोलावली. आत्या, शोभा, मी, बाळाच्या दुपट्यांची पिशवी आणि आत्यांचा पितळी तांब्या. "तू घरी थांब," असं आत्या म्हणत होत्या, पण मी त्यांच्या आधी रिक्षात चढून बसले होते. वाटेत खड्डा आला की शोभा कण्हायची, आणि तिच्या पाठोपाठ मी. शेवटी रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

"आवं ताई, ह्यातली बाळंतीण कोन आन् पोचवाय आलेली कोन, येकदा सांगा तरी. मी कुनासाठी हळू चालवू?"

"हिच्यासाठी!" एका हाताने मी शोभाकडे बोट दाखवलं, आणि दुसऱ्या हाताने रिक्षाचा दांडा घट्ट धरून डोळे मिटले.

दवाखान्यात शोभाला झगा घालून खाटेवर निजवलं. तिथल्या आयाबाईंना सगळे आक्का म्हणायचे. त्या मला बाहेर काढायला आल्या, तर मी त्यांनाच सुनावलं, "मी हिची वहिनी. मला सगळं माहिती आहे." माझ्या पोटाकडे एकदा बघून आक्का बाजूला झाल्या. आत्या दारात बसल्या आणि मी शोभाच्या उशाशी स्टूल ओढून शाळा सुरू केली.

"नाकाने घे. तोंडाने... आई गं!"

"काय झालं वैनी?"

"काही नाही. भडंग."

आत्यांनी ओवा दिला, तो चावला. ओव्याचं पाणी दिलं, ते प्याले. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या आईने हिंग लावायला सांगितलं. मी म्हटलं, आणा! तेही बेंबीला लावून झालं. गॅस काही हटेना. सगळ्यांची चालली होती माझ्या गॅसचीच चौकशी, आणि बाळंत व्हायला आलेली शोभा खाटेवर आरामात बसून माझ्याकडे बघत होती.

"वैनी, माझं दुखायचं कवाच थांबलंय."

"थांबत नसतं ते! पुस्तकात..." पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. मी तिच्या खाटेचा गज धरला.

शोभा एकदा माझ्याकडे, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "वैनी, ह्यो तुमचा ग्यास घड्याळ लावून याय लागलाय वो."

"गॅसला कधी घड्याळ असतं का?" असं म्हणून मी तावातावाने उठले, आणि पायाखाली बघते तर पाणीच पाणी! "आत्या, तांब्या लवंडला बघा तुमचा!"

"तांब्या तर माज्या हातात हाय गं," आत्या दारातून म्हणाल्या.

आम्ही तिघींनी तांब्याकडे बघितलं. तांब्या काठोकाठ भरलेला. मग त्या दोघींनी माझ्याकडे बघितलं.

"पण मला अजून महिना आहे!" मी ओरडले.

"त्ये बाळाला सांगा," माझं ओरडणं ऐकून आलेल्या आक्का म्हणाल्या आणि त्यांनी माझा दंड धरला.

हसताय ना? हसा. पण त्या क्षणी मला हसू आलं नव्हतं हो. महिनाभर आधी! बाळाचं काही बरंवाईट झालं तर? माझ्या मूर्खपणात सकाळ निघून गेली, आता काय होणार? आई तिकडे साताऱ्यात, माझ्या माहेरपणासाठी लाडू वळत बसलेली. हे ऑफिसात. पुस्तकातलं एक अक्षर आठवेना. मी शोभाचं मनगट पकडलं ते सोडलंच नाही. अशी आमची वरात आत गेली.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींची पोटं बघितली. "पेशंट कोण?"

"दोगी बी," आक्का म्हणाल्या. "पर घाई हिला हाय."

शोभा पेशंट, झगाही अंगावर, त्यामुळे तिला बाहेर काढायचा प्रश्नच आला नाही. ती माझ्या उशाशी उभी राहिली. आणि मग काय म्हणाली असेल?

"वैनी, नाकानं घ्या. तोंडानं सोडा. फुलपाखरावानी."

"मढं बशिवलं तुझ्या फुलपाखराचं!"

मी बोलले हो हे! बालवाडीची बाई! पुढे ते पुस्तक लिहिणाऱ्यालाही मी सोडलं नाही. त्याला कधी कळा आल्या होत्या का, असं मी इतक्या मोठ्याने विचारलं म्हणे, की बाहेर आत्यांनी कानांवर हात ठेवले. शोभा मात्र हलली नाही. माझा घाम पुसत होती, पाठ चोळत होती, "जमतंय वैनी, आलंच आता" म्हणत होती. तिला काय माहिती होतं आलं की नाही ते? पण ती म्हणत होती म्हणून मला खरं वाटत होतं.

आणि आली! लेक झाली. लहानखुरी, पण रडली अशी की सगळा दवाखाना दारात आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन जरा कमी आहे, बाकी ठणठणीत." तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. मी रडत होते, आणि माझ्याहून जास्त शोभा. तिच्या बाळासाठी आणलेल्या दुपट्यात माझी लेक गुंडाळली गेली. मी म्हटलं, "शोभा, तुझं दुपटं गं." तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वैनी. तिच्या आत्तीचंच हाय."

मला सांगा, अशी नणंद कुणाला मिळते?

दुपारी हे धावत आले. शोभा व्हरांड्यात उभी, पोट तसंच पुढे. त्यांनी पोटाकडे बघितलंच नाही, बहिणीचे हात धरले. "झालं? सुटलीस? मामा झालो का मी?"

"न्हाई दादा. बाप झालास."

 मग यांनी साताऱ्याला आमच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला आणि आईला बोलावून घेतलं. "सुनंदा बाळंत झाली." तर माझी आई म्हणते, "जावईबापू, गडबडलात का? शोभा म्हणायचंय ना तुम्हाला? सुनंदाला तर शनिवारी न्यायला येतोय आम्ही." त्यांनी तीनतीनदा सांगितलं, तरी तिला पटेना. शेवटी आत्यांनी फोन हातात घेतला. "विहीणबाई, आता न्यायला नगं, बघाय या."

दुसऱ्या दिवशी मी खाटेवर पडले होते. कुशीत लेक, कानाला फडकं बांधलेलं. समोरच्या खाटेवर एक पहिलटकरीण आली होती, अगदी पोरसवदा, भेदरून गेलेली. तेवढ्यात आक्का घाईघाईने आमच्याकडे आल्या. मी लगेच सावरून बसले. म्हटलं, आता तरी आपण खऱ्या अर्थाने जाणत्या झालो! पुस्तकातलं नव्हे, स्वतःचं सांगायचं!

"बोला आक्का, काय समजवायचंय तिला? माझ्याकडे पाठवा."

"तुमी पडा वो," आक्का इकडेतिकडे बघत म्हणाल्या. "ती तुमची नणंद कुटं हाय? तिला बलवा. काल तुमचं येवढं अवघड बाळंतपण तिनं काढलं, लय धीराची बाई."

शोभा उठली. अजून एकही मूल न झालेली शोभा! पदर खोचला, पोट सावरत त्या पोरीच्या उशाशी जाऊन बसली आणि तिचा हात हातात घेतला. पोरगी शांत व्हायला लागली.

आक्का समाधानाने माझ्याकडे वळल्या.

"आन् तुमी येक करा बाई. ती बाळंत होस्तवर त्वांड उघडू नगा. पोरगी आदीच भ्यालीया."