एका वॉशरला दुसऱ्याचं माप

गायकवाड साहेबांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "हे बघा. छोट्या वॉशरसमोर मोठ्याचं माप! अन् तीन वाजता कस्टमर येतोय राव, आपल्याला व्हेंडर म्हणून घ्यायचं का नाही ते ठरवायला."

साहेबांची ही चाकणमधली कंपनी वॉशर, म्हणजे नटबोल्टखालच्या चकत्या, बनवते. तिची वेबसाइट मीच रहाटणीतल्या घरी बसून उभी केली होती. तिच्यात माहिती भरायचं काम ऑफिसमधल्या साळुंखे मॅडमचं. त्या समोरच बसल्या होत्या, कावऱ्याबावऱ्या. साहेबांनी त्यांच्याकडे न बघताच निकाल दिला, "उद्यापासून मॅडमकडून वेबसाइट काढून घ्या. नुसती रंगरंगोटी करून ठेवलीय."

मी पान उघडलं. मॅडमनी तक्त्याचे रकाने चक्क स्पेसबार दाबून जुळवले होते. टाइपरायटरवर टायपिंगची परीक्षा दिलेलं माणूस, सवय कुठली जाणार! त्यांच्या कॉम्प्युटरवर सगळं ओळीत दिसायचं. मोबाइलची स्क्रीन अरुंद, तिथे ओळ मोडायची आणि माप घसरून पुढच्या वॉशरशेजारी जाऊन बसायचं. वर प्रत्येक शब्दाला वेगळा रंग, वेगळा आकार, तोही मजकुरातच कोंबलेला. एक लाल काढला की खाली आणखी दहा लाल.

"मॅडम, तुम्ही प्रत्येक पार्टवर माप लिहिता का?"

"छे! पार्टला नंबर असतो. माप ड्रॉइंगमध्ये."

"इथेही तसंच. पानात फक्त सांगायचं, हे शीर्षक, हे नाव, हे माप. शीर्षक कोणत्या रंगाचं, केवढं, ते वेगळ्या फाइलीत. तिला स्टाइलशीट म्हणतात."

"म्हणजे एक ड्रॉइंग बदललं की सगळे पार्ट बदलले!"

मॅडमना दोन मिनिटांत कळलं. मला कॉलेजात एक अख्खं सेमिस्टर लागलं होतं.

दोघांनी मिळून स्पेस उपसल्या, खरा तक्ता केला. रंग पुसता पुसता मी एडिट हिस्टरी उघडली, म्हणजे कोणी कधी काय बदललं त्याची नोंद. स्पेस मॅडमच्या होत्या. रंग मात्र सगळे साहेबांच्या लॉगिनमधून, तेही रविवारी घरून. स्वतःच्या नावाखालचे 'मॅनेजिंग डायरेक्टर' हे शब्द तर अकरा वेळा मोठे केले होते.

"राहू द्या हो," मॅडम कुजबुजल्या.

मला हसू आवरेना, आणि रागही आला. मी सगळ्यांच्याच लॉगिनमधून रंगाची आणि आकाराची बटणं काढून टाकली.

अडीचला पान मोबाइलवर नीट दिसायला लागलं. तीनला कस्टमरच्या माणसांनी ते चाळलं, मापं बघितली, मग ते शॉप फ्लोअरवर मशीनं बघून आले आणि ट्रायल ऑर्डर देऊन गेले.

सोमवारी साहेबांचा फोन. "अहो, माझ्याकडे रंगाची बटणं दिसत नाहीत."

"सर, कोणाकडेच नाहीत. पण आतापर्यंत ती कोण कोण वापरत होतं, त्याची यादी आहे. पाठवू?"

साहेब घाईघाईने म्हणाले, "नको. वेबसाइट मॅडमच बघू देत."

तेव्हापासून मी नव्या क्लायंटला लॉगिन देण्याआधी ती बटणं काढतो. मालकाची सगळ्यात आधी.