पाव्हण्यासाठी भाकरी

मामी गेल्याचा फोन आला तेव्हा मी झेरॉक्स काढत होतो. कर्जतला तहसील कचेरीच्या अलीकडे माझं दुकान आहे. ‘दुसऱ्याच्या कागदाची नक्कल करून जगणारा आमच्या घराण्यात तू पहिलाच,’ असं मामी म्हणायची आणि वर ते कौतुकानं म्हटल्यासारखं दाखवायची. फोन मामेभावाचा, संतोषचा होता. “अन्या, आई गेली रं. भाकऱ्या टाकून झाल्या, जरा पडते म्हणली, नि उठलीच नाय.” मी बरं म्हणालो. समोरच्या गिऱ्हाइकाला सातबाऱ्याच्या आणखी दोन प्रती हव्या होत्या, त्या काढल्या, पिना मारल्या आणि शटर ओढायला घेतलं. आज लवकर बंद का, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, पाव्हणा यायचाय. तो मान हलवून गेला. घरी पाव्हणा येणार म्हणजे मटण आणायला चाललो असेन, असं त्याला वाटलं असावं...

या पाव्हण्याची ओळख करून द्यायची तर माझ्या दहावीच्या वर्षात जावं लागेल. आम्ही तेव्हा खोपोलीत राहायचो. त्या उन्हाळ्यात माझा मोठा भाऊ, दादा, शिळफाट्याजवळ मोटारसायकलवरून पडला आणि जागच्या जागी गेला. त्यानंतर आई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. बाबा कामावरून आले की दादाच्या चपला पुसून पुन्हा होत्या तिथं ठेवायचे. कुणी मला वाईट वागवलं नाही, जेवलास का हेही विचारायचे. पण घरात दुःखाची इतकी गर्दी झाली होती की मला टेकायला जागा उरली नव्हती. मी आपला शहाण्यासारखा वागायचो. धाकट्यानं आता त्रास द्यायचा नाही, हे मला कुणी न सांगता समजलं होतं.

शाळा सुरू झाली आणि एका सकाळी प्रार्थनेला उभा असताना माझी छाती धडधडायला लागली. आधी वाटलं, पुढच्या पोरानं ढकललं असेल. मग बोटांना मुंग्या आल्या, श्वास आत शिरेना, समोरच्या रांगा लांब लांब जायला लागल्या आणि माझी खात्री झाली की मी मरतोय. त्या अवस्थेतही मला लाज वाटली ती याची की प्रार्थनेच्या मधे मरणं बरं दिसणार नाही. दुसरा विचार आईचा होता. दोघांचं तेरावं एकाच वर्षात तिला झेपेल का... मी प्रार्थना संपल्यासारखं ‘नमस्ते’ म्हणून रांगेतून निघालो आणि नळापाशी जाऊन बसलो. मेलो मात्र नाही.

तेव्हापासून तो प्रकार वारंवार व्हायला लागला. वर्गात, बाजारात, एकदा तर केस कापताना, अर्धं डोकं झालेलं असताना. डॉक्टरांनी छाती तपासली आणि काही नाही म्हणाले. शेजारच्या काकूंनी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. मोहरी तडतडली म्हणून त्या खूश झाल्या, पण मी घाबरायचा तो घाबरतच राहिलो. शेवटी शाळेच्या रस्त्याला पाय ठेवला की धडधड सुरू व्हायची. वर्ष बोर्डाचं होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये तीन तास एकटं बसणं माझ्यानं होणार नाही हे मला दिसत होतं, आणि दादा गेलेल्या घरात मी नापास होऊन बसणं मला सहन होणार नव्हतं. बाबांनी मामाला सांगितलं आणि मला कशेळ्याजवळ मामाच्या गावी पाठवलं. दाखला कशेळ्याच्या शाळेत हलवला. मामा खोपोलीच्या कंपनीत कामाला, सुटीच्या दिवशीच घरी. संतोष तेव्हा रांगत होता. म्हणजे घरात मोठं माणूस असं मामीच.

पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तो प्रकार झाला. मामी चुलीपाशी बसून तांदळाच्या पिठाची उकड मळत होती. मी दाराला धरून उभा राहिलो आणि म्हणालो, “मामी, मला मरायला होतंय.” तिनं वर पाहिलं. घाबरली असणार, पण तोंडावर काही दिसलं नाही. पिठाची लाकडी काठवट माझ्याकडे सरकवून म्हणाली, “बस हितं. आधी पीठ मळून दे, मग खुशाल मर.”

ज्यांनी गरम उकड मळली नाही त्यांना सांगतो, ती हात भाजते. पाण्यात बोटं बुडवायची, पिठात घालायची, चटका बसला की काढायची, पुन्हा बुडवायची. गुठळी राहिली की भाकरी फाटते, म्हणून तळव्याखाली एकेक गुठळी शोधावी लागते. मी रडत, धापा टाकत मळत होतो आणि मामी शेजारी बसून माझ्या मळण्याला नावं ठेवत होती. असा कुरवाळतोस काय, मांजर हाय का ते, असं काहीतरी. गोळा मऊ झाला तोवर माझा श्वास खाली उतरला होता. मामीनं भाकरी थापायला घेतली आणि पाठमोरीच विचारलं, “गेला का रं?”

“कोण?”

“तुझा पाव्हणा.”

मी म्हणालो, गेला. मग तिनं ताट वाढलं. पुढं हेच घरचं वळण होऊन बसलं. माझा चेहरा उतरला की ती विचारायची, “पाव्हणा आला का रं?” आला म्हटलं की, “मग भाकरी नको का टाकायला?” म्हणून आधण ठेवायची. पाव्हणा येतो म्हणून दार लावून घ्यायचं नाही आणि तो बसला म्हणून आपण उठून पळायचं नाही. “पाव्हणा हाय तो, घरजावई नाय. जेवंल नि जाईल,” असं तिचं म्हणणं. काही आठवडे आमच्याकडे इतक्या भाकऱ्या झाल्या की गोठ्यातल्या गाईला पाव्हण्याची ओढ लागली.

परीक्षेचं केंद्र कर्जतला आलं. त्या सकाळी माझे हातपाय गार पडले होते. मामीनं पिठाचा लिंबाएवढा गोळा ओल्या फडक्यात बांधला आणि माझ्या कंपासपेटीत कर्कटकाच्या शेजारी ठेवला. पहिलाच पेपर मराठीचा. अर्ध्या तासात पाव्हणा हजर. मी डाव्या हातानं बाकाखाली गोळा काढला आणि मळायला लागलो. पर्यवेक्षक बाईंच्या ते लगेच लक्षात आलं. त्या आल्या, हात वर कर म्हणाल्या, फडकं सोडलं, गोळा मोडून आत चिठ्ठी आहे का ते पाहिलं. काय आहे हे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पीठ. कशाला? आता एवढं सगळं सांगायला माझ्यात श्वास कुठला... “मामीनं दिलंय,” एवढंच म्हणालो. माझ्या कपाळावरचा घाम त्यांनी पाहिला असावा. त्यांनी गोळा पुन्हा गोल केला, बाकावर ठेवला आणि म्हणाल्या, “वर ठेवून मळ. पेपर चिकट करू नकोस.” माझ्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना पानापानांवर पांढरे ठसे कसले, असं वाटलं असेल. पण मी पास झालो. गुणांविषयी बोलत नाही, कारण त्याबाबतीत मामीसुद्धा कधी बोलली नाही.

खूप पुढं, माझं लग्न झाल्यावर, टीव्हीवर एक डॉक्टर या प्रकाराबद्दल बोलत होते आणि मला कळलं की आमच्या पाव्हण्याला पॅनिक अटॅक असं भारदस्त नाव आहे. मी कशेळ्याला जाऊन मामीला ते सांगितलं. हाताला काम दिलं की मन जागेवर येतं, हे तुला तेव्हा कसं कळलं, असंही विचारलं. ती हसायला लागली. “मला काय ठावं रं? हातात पीठ व्हतं, ते दिलं. केर काढत असते तर झाडू दिला असता.” मग म्हणाली, तुझ्या आईचा एक गेला व्हता, दुसरा माझ्या दारात मेला असता तर मी काय तोंड दाखवलं असतं...

फोन ठेवताना ती नेहमी विचारायची, पाव्हणा काय म्हणतो? वर्षा-दोन वर्षांतून एखादी चक्कर मारतो, असं मी सांगायचो. ऐकणाऱ्यांना वाटायचं माझा कुणी मित्र असावा. बायकोला मी पूर्वी कधीतरी थोडंसं सांगितलं होतं, ती लगेच इतकी काळजीत पडली की मीच तिची समजूत काढत बसलो. त्यानंतर तो विषय फक्त मामीच्या घरात बोलायचा राहिला.

त्या दिवशी कर्जतहून जीपमध्ये बसलो. तिघांच्या सीटवर चौथा म्हणून मला दाबून बसवलं होतं, आणि कशेळं येण्याआधीच तो आला. मामीला स्मशानात पोचवून परत आलो, तरी तो माझ्यासोबतच. माणसं अंगणात बसली होती. मी मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेलो. चूल गार. सकाळच्या भाकऱ्या, तिनं टाकलेल्या, टोपलीत झाकून तशाच. काठवट भिंतीला टेकवलेली. मी पिठाच्या डब्याला हात घातला आणि संतोषची बायको मंदा आत आली. हळूच म्हणाली, “भावजी, चूल नाय पेटवायची. खायला शेजारून येईल.” तिला वाटलं मला भूक लागलीय. मी डबा लावून ठेवला. मयताच्या घरी पाव्हण्याला कुणी भाकरी टाकत नाही. तो बिचारा आणि मी, दोघंही मोरीपाशी उभे राहिलो, बराच वेळ.

दिवसकार्य उरकून काही आठवडे झाले. गेल्या रविवारी मामाकडे गेलो. संतोष आणि मंदा एका लग्नाला गेले होते. मामा ओटीवर खांबाला टेकून बसलेला. दुपार कलली आणि माझ्या बोटांना मुंग्या आल्या. मी आत जाऊन आधण ठेवलं, पीठ घातलं, उकड काठवटीत ओतली आणि चटके घेत मळायला बसलो. मला अजूनही नीट येत नाही. गुठळ्या राहतात. नावं ठेवायला कुणी नव्हतं, तेव्हा मनातल्या मनात मीच ठेवली. गोळा मऊ झाला, श्वास उतरला, आणि मी हात तसाच पिठात ठेवून थांबलो. इथं ती विचारायची.

“गेला का रं?”

ओटीवरून मामाचा आवाज. सुटीच्या दिवशी येऊन त्या ओटीवर बसणाऱ्या माणसाला सगळं ऐकू येत होतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

“गेला, मामा,” मी म्हणालो.

मग मामा भिंतीला धरत आत आला, काठवटीच्या पलीकडं खाली बसला. बाह्या वर सारल्या.

“मग मला दे,” तो म्हणाला. “माझ्याकडं आलाय.”

मी गोळा मोडला, पाण्याचं भांडं मधे ठेवलं आणि अर्धा त्याच्याकडं सरकवला.